वीस बाय दहाचं आभाळ

आमचे मामा कुठल्याही गोष्टीच्या मधोमध उभे राहत नसत. लग्नाच्या पंगतीत ते शेवटून तिसरे बसायचे. बाकड्यावर बसायचं तर एका टोकाला, उरलेलं बाकडं रिकामं ठेवून. त्या रिकाम्या जागेत कुणी येऊन बसलं की मामा उठायचे, चार पावलं मागे जायचे, एक डोळा मिटून त्या माणसाकडे बघायचे आणि म्हणायचे, "जरा तिकडं सरका. अजून. हां, आता बसा." माणूस सरकेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. पाटसच्या स्टँडवर त्यांनी अशी पुष्कळ माणसं सरकवली. एकदा एक म्हातारे आप्पा सरकता सरकता बाकड्यावरून खाली उतरले, तरी मामा म्हणत होते, "अजून थोडं."

मामा माझे नात्याने कुणी नव्हते. हायवेला लागून एक फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं कामाला होतो. मामा कॉम्प्युटरवर डिझाईन करायचे. मशीनमधून फ्लेक्स छापून बाहेर आला की त्याच्या कडा ब्लेडने सरळ कापायच्या, दुमडून चिकटवायच्या आणि दोरी ओवायला रिंगा मारायच्या, हे माझं काम. मला ते आवडायचं. जमिनीवर गुडघे टेकून, मान खाली घालून करायचं काम होतं आणि कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत मी खांबाच्या मागे बसायची आणि हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायची की बाईंच्या वहीत मी कितीतरी दिवस गैरहजर आहे.

दुकानात पहिले आठ महिने मी मामांशी 'व्हय' आणि 'झालं' एवढंच बोलले. त्यांना ते चालत होतं. दोघांचं मिळून जेवढं बोलायला हवं तेवढं ते एकटेच बोलायचे.

कॉम्प्युटर यायच्या आधी मामा ब्रशने पाट्या आणि भिंती रंगवायचे. एका शाळेच्या भिंतीवर त्यांनी वाघ काढला होता. भिंत चांगली तीस फूट लांब आणि वाघ डाव्या कोपऱ्यात, वासराएवढा. हेडमास्तर रोज येऊन विचारायचे, बाकीची भिंत कधी रंगवणार. शेवटी मामा म्हणाले, "गुरुजी, झाली की रंगवून. ती वाघाची जागा हाय. त्याला फिरायला नको व्हय?"

असा माणूस फ्लेक्सच्या धंद्यात आला होता. आमच्याकडे फ्लेक्सवर रिकामी जागा राहिली तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. ज्याचा वाढदिवस तो मधे, हात जोडून, गॉगल लावून. त्याच्या डोक्यावर मोठ्या पुढाऱ्यांचे गोल फोटो. खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे पन्नास-साठ चेहरे, ओळीने, पासपोर्टच्या फोटोसारखे. कुणाचा चेहरा कुणापेक्षा बोटभर लहान झाला तर भावकीत बोलणं बंद होतं. दोन चुलत भाऊ एकदा फूटपट्टी घेऊनच दुकानात आले आणि एकमेकांच्या कपाळाची मापं काढत बसले. मामा हे सगळं निमूटपणे करायचे. साठावा चेहरा बसवून झाला की खुर्चीत मागे रेलायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पोरी, जरा पानी दे. लई गर्दीतून आलो."

त्यांची सुटका रविवारी होती. शिरूरच्या एका लग्नात शूटिंग करणाऱ्याकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला होता. हायवेवरचे मोठे बोर्ड लावायला दोन फिटर होते, पण वाड्यावस्त्यांवरचे लहान फ्लेक्स आम्ही रविवारी टेम्पोतून नेऊन लावायचो. मामा चालवायचे, मधे मामी बसायची आणि खिडकीला मी. मामी मामांची बायको. तिला फोटोत काडीचा रस नव्हता, पण नवऱ्याला एकट्याला सोडलं तर तो संध्याकाळी परत येईलच असा तिला भरवसा नव्हता. तिनेच मला पहिल्या रविवारी सांगितलं, "आमच्या लग्नाच्या फोटोत हे न्हाईतच. फोटोवाल्याला म्हनले, मी मधी उभा ऱ्हात न्हाई. आन् कडंला सरकत सरकत पार भाईर गेले. मी एकटीच हार घालून उभी हाय."

मामा म्हणाले, "पन फोटो चांगला आलाय."

"येनारच. नवरा न्हाई त्यात," मामी म्हणाली.

पारगावचा पूल ओलांडून भीमा नदीच्या पलीकडे गेलं की दौंड तालुका संपतो आणि शिरूर तालुका लागतो. मामा पुलावर टेम्पो हळू करायचे आणि म्हणायचे, "चला, परदेश आला." ते आयुष्यात पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते, पण पूल ओलांडला की त्यांची मान परदेशी पाहुण्यासारखी सगळीकडे फिरायला लागायची. माझं माहेर त्याच परदेशात, न्हावऱ्याच्या बाजूला आहे. ज्या ओढ्यात मी लहानपणी म्हशी धुतल्या, त्या ओढ्याच्या काठावर मामा कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय मुलूख हाय." मला हसू आवरायचं नाही. मग मीही बघायची. ओढा तोच होता, पण खरंच, एवढा वाकडा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

शिकवणं सुरू झालं ते एका रिकाम्या चौकटीमुळे. तीन बाय दोनची लाकडी चौकट होती, तिच्यावरचा फ्लेक्स कुणीतरी काढून नेला होता. मामांनी ती माझ्या हातात दिली आणि माळावर उभं केलं. म्हणाले, "धर अशी समोर. हालू नको." ते माझ्या मागून, मान तिरकी करून त्या चौकटीतून बघायला लागले. चौकट धरणारा माणूस चौकटीत दिसत नाही. इतकी सोयीची जागा मला जन्मात मिळाली नव्हती.

"आता काय काय दिसतंय सांग."

मी हळूहळू सांगितलं, बाभळ, विहीर, लाईटचा खांब, म्हैस, आभाळ.

"ही झाली बाजाराची यादी. आता सांग, ह्यातलं काय सोडायचं?"

मी घाबरून म्हटलं, "म्हैस?"

"आगं, म्हशीपायी तर थांबलो," मामा म्हणाले. मग त्यांनी माझे खांदे धरून मला इतकं वळवलं की खांब गेला, विहीर गेली, अर्धी बाभळ गेली, आणि म्हैस एका बाजूला राहून तिच्यापुढे नुसता पिवळा माळ पसरला. म्हैस एकदम मोठी झाली. म्हणजे होती तेवढीच, पण आता तिच्याकडे बघावंसं वाटत होतं. काय घ्यायचं ते मामा कधीच विचारायचे नाहीत. काय सोडायचं, हाच त्यांचा कायमचा प्रश्न. भाजीवाल्याकडेही ते तसेच उभे राहायचे आणि मामी त्यांना घरी पाठवून द्यायची.

पुढच्या रविवारी त्यांनी चौकटीला सुतळी बांधली. दोन उभ्या, दोन आडव्या. नऊ घरं झाली आणि सुतळ्या एकमेकींना ओलांडतात तिथे चार गाठी. ज्या गोष्टीसाठी थांबलो ती गाठीवर आणायची, मधल्या घरात नाही, असं मामांनी सांगितलं. का नाही, ते त्यांनाही नीट सांगता येईना. मी बराच वेळ त्या नऊ घरांकडे बघत होते. मला ते लसणाचे वाफे वाटले. मी म्हटलं, "मधला वाफा तुंबतो."

मामा थांबले. "काय म्हनलीस?"

"पानी देताना मधल्या वाफ्यात लई सोडलं की तिथंच तुंबतं. कडच्याला जात न्हाई. कडनं सोडलं की सगळीकडं फिरतं."

मामांनी कॅमेरा मामीच्या हातात दिला आणि माळावर स्वतःभोवती एक गोल चक्कर मारली. महिनाभर ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की मधला वाफा तुंबतो. गिऱ्हाईक म्हणायचं, बरं, पण आमच्या भाऊंचा फोटो मधेच घ्या.

जमीन आणि आभाळ यांच्या रेघेला ते बांध म्हणायचे. "भावकीत बांध मधोमध घालतात, म्हनून तर कोर्टात जातात. फोटोत अर्धं अर्धं वाटप न्हाई. आज आभाळ चांगलं हाय, त्याला दोन वाटे दे. जमीन चांगली असंल तर तिला दोन." आणि जनावर असेल तर त्याचं तोंड जिकडे, तिकडे जागा. एकदा मी एका बगळ्याचा फोटो काढला, त्याची चोच अगदी कडेला टेकली होती. मामांना तो बघवेना. "आगं, जाईल कुठं त्यो? भिंतीवर डोकं आपटंल की."

जनावरांशी आणि पाखरांशी ते अहो-जाहो बोलायचे. माणसांना 'सरक' म्हणायला ते मागेपुढे बघत नसत, पण टिटवीला म्हणायचे, "अहो बाई, दोन पावलं डावीकडं येता का? घाई न्हाई." टिटवी त्यांच्या नावाने ओरडत उडून जायची. मामा कपाळाला हात लावून म्हणायचे, चुकलं आपलं, त्यांची अंडी असतील. एका वेड्या राघूची त्यांनी पाऊण तास तारेवरून हलण्याची वाट पाहिली आणि तो शेवटी हलला तेव्हा मामा त्याचे आभार मानत होते, त्यामुळे फोटो राहिला.

थंडीत ज्वारीवर भोरड्या पाखरं येतात. हजारो. एका सकाळी खुटबावच्या शिवारात त्या एकदम उठल्या आणि आभाळात चादर झटकावी तशा इकडून तिकडे फिरायला लागल्या. मामा चौकट उचलून ज्वारीच्या कडेने पळत सुटले. चौकट डोक्यावर धरलेली, भोरड्या डावीकडे गेल्या की चौकट डावीकडे, उजवीकडे गेल्या की उजवीकडे. मी त्यांच्यामागे; त्याआधी मी आयुष्यात कुणासमोर पळाले नव्हते. राखणीला बसलेल्या एका आबांनी गोफण खाली ठेवली आणि मामीला विचारलं, काय हुडकतायत हे. मामी म्हणाली, "पाखरं मापतायत." दमून बसल्यावर कळलं की कॅमेरा टेम्पोतच होता. मामा इतके हसले की त्यांना उचकी लागली. "पन गाठीवर आल्या व्हत्या," ते म्हणत राहिले, "दोनदा आल्या व्हत्या."

हरणाचा फोटो मिळाला तो सुप्याच्या बाजूच्या माळावर. आमच्याकडे या हरणाला चिंकारा म्हणतात, अंगाने शेळीएवढं आणि गवताच्या रंगाचं. सकाळचं ऊन नुकतं पसरलं होतं. मी चौकट धरून उभी होते आणि मामा माझ्या मागे. हरण उजव्या बाजूने आलं. मामा पुटपुटले, "या. सावकाश या." ते खालच्या उजव्या गाठीवर आलं आणि थांबलं. तोंड डावीकडे. त्याच्यापुढे सगळा माळ आणि माळावर दोन वाटे आभाळ. मी श्वास धरून ठेवला होता. मामांनी एकदाच बटण दाबलं. हरण निघून गेल्यावरही मी चौकट खाली घेतली नाही.

तो फोटो मामांनी दुकानाच्या कॉम्प्युटरवर सुतळ्या पुसून वीस बाय दहाचा करून ठेवला. हायवेवरचा सगळ्यात मोठा बोर्ड तेवढा असतो. छापायचा नव्हताच, छापणार कोण? पण दुपारी जेवून झालं की ते फाईल उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. एकदा मला म्हणाले, "एवढे बोर्ड लावले आपन. एक दिस, नुसता एक दिस, अशी मोकळी जागा हायवेवर उभी ऱ्हायली पाहिजे. मानसं श्वास घेतील, पोरी." मग स्वतःच हसले आणि साठ चेहऱ्यांचं काम पुढे ओढलं.

ते काम आमच्या भागातल्या एका तरुण पुढाऱ्याचं होतं, सगळे त्यांना भाऊ म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा वाढदिवस. हायवेवरच्या चौकात बँड, केक आणि वीस बाय दहाचा फ्लेक्स ठरला होता. दुकानाचे शेठ बाहेरगावी होते, मशीन चालवणारा लग्नाला गेला होता आणि दुपारीच मामांना कुरकुंभच्या एका कंपनीत बोर्डाचं माप घ्यायला जावं लागलं. त्यांनी तिथून फोन केला. डिझाईन तयार आहे, वीस बाय दहाची फाईल मशीनला लाव, तुला येतंय. मला येत होतं, मामांनीच शिकवलं होतं. फाईलींची नावं इंग्रजीत असतात, ती मला वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. मी वीस बाय दहा शोधलं. सापडलं. लावलं.

आमच्या मशीनची रुंदी दहा फूट आहे, त्यामुळे एवढं मोठं चित्र आडवं होऊन, डाव्या कडेपासून हळूहळू बाहेर येतं. एक फूट आलं. एका बाजूला निळं आभाळ, एका बाजूला पिवळं गवत. मला वाटलं, छान मागची बाजू घेतलीय मामांनी. दोन फूट आलं. चेहरे अजून नाहीत. पाच फूट आलं, तरी आभाळच. मी मनात म्हटलं, यंदा पोरांना उजवीकडे बसवलेलं दिसतंय. दहा फूट झालं, मधला भाग गेला, भाऊ आले नाहीत. मशीन थांबवायची कशी हे मामांनी शिकवलं होतं, पण त्या वेळी मला ते आठवेना. आणि खरं सांगायचं तर, थोडंसं बघावंसंही वाटत होतं. तेरा फुटांच्या पुढे गवतातून एक नाक आलं. मग शिंगं, कान. मग सगळं हरण, माझ्या उंचीचं. आणि अगदी शेवटी, उजव्या कडेला, दोन बोटं आली. धूसर, वीतवीतभर लांब, वरच्या बोटात पितळी वेढणी. माझी बोटं. चौकट धरलेली.

त्याच क्षणी मामा दारात आले.

त्यांनी पायातल्या चपला काढल्या, फ्लेक्सच्या कडेने चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि जमिनीवर बसले. मी रडत होते. मी म्हटलं, मामा, लगेच दुसरा काढू. मामांनी मशीनकडे बोट केलं. रोल संपला होता. नवा रोल पुण्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता आणि भाऊ सकाळी नऊला चौकात. शेठ आल्यावर आमच्या दोघांचं काम जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मामा हरणाकडे बघून हसत होते.

"माझी बोटं कापू का?" मी ब्लेड उचलून विचारलं. मला तेवढंच सुचलं. चौकात माझी बोटं लागणार, हे मला नको होतं.

"ऱ्हाऊ दे. मी तवाच बघितली व्हती." मामा म्हणाले. "कुनीतरी बघतंय, हे दिसाया पाहिजे की."

मग ते उठले आणि एकदम वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे कामाला लागले. गेल्या वर्षीच्या भाऊंच्या फ्लेक्सचा एक बिघडलेला छाप दुकानात होता. तो आम्ही जमिनीवर अंथरायचो, मी वर्षभर भाऊंच्या छातीवर गुडघे टेकून कडा चिकटवत होते. मामा म्हणाले, भाऊंना धुऊन घे. मी ओल्या फडक्याने भाऊ पुसले आणि ब्लेडने कडेकडेने कापून बाहेर काढले. मामा त्यांना उचलून आभाळाच्या मधोमध घेऊन गेले. त्यांचे हात सवयीने तिकडेच वळले, इतक्या फ्लेक्सांची सवय. मी म्हटलं, "मामा, मधला वाफा तुंबतो."

मामा वळून माझ्याकडे बघायला लागले.

"वरच्या डाव्या गाठीवर घ्या," मी म्हटलं. "तोंड हरनाकडं."

एवढं लांब वाक्य मी त्या दुकानात पहिल्यांदा बोलले. भाऊ वरच्या डाव्या गाठीवर गेले. खालून उजवीकडून हरण त्यांच्याकडे बघत होतं, ते वरून हरणाकडे, आणि दोघांच्या मधे नुसती हवा. मामांनी जुन्या पेटीतून ब्रश काढला. ओल्या फडक्याने निघेल असाच रंग घेतला, ते माझ्या लक्षात आलं. भाऊंच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, समस्त ग्रामस्थ. साठ माणसं दोन शब्दांत बसली.

कडा दुमडायचं काम माझं. तीन कडा मी नेहमीसारख्या दोन बोटं दुमडल्या. चौथी, उजवीकडची, मामा ब्रश धुवायला गेले तेव्हा मी चांगली वीतभर दुमडली आणि वरून भरपूर सोल्यूशन लावून दाबली. माझी बोटं आत गेली.

सकाळी आम्ही चौकात समोरच्या टपरीमागे उभे होतो. म्हणजे मी टपरीमागे होते, मामा टपरीच्या कडेला. फिटरांनी फ्लेक्स चढवला होता. उजवीकडून वीतभर लोखंड उघडं पडलं होतं. मामांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पोरं जमली. त्यांनी वर बघितलं आणि प्रत्येक जण आभाळात आपला चेहरा शोधायला लागला. एकाने मोबाईलवर मोठं करून पाहिलं. दोघं जण मामांकडे आले. आमचे फोटो कुठं? मामा म्हणाले, समस्त ग्रामस्थ लिहिलंय, त्यात सगळे हायेत, पुढं-मागं कुनी न्हाई, मापून घ्या. तेवढ्यात गाडी आली. भाऊ उतरले. बँड वाजायचा थांबला. भाऊ मान वर करून बघत राहिले. गॉगल काढला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. माझे पाय टपरीमागून आणखी मागे निघाले.

भाऊंच्या आई गाडीतून सावकाश उतरल्या. नऊवारी, हातात काठी. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं बाई. दरसाली मी चष्मा लावून हुडकती ह्याला. ह्या साली लांबनंच दिसलं माझं लेकरू."

भाऊ आईकडे बघायला लागले. मग पुन्हा वर. मग म्हणाले, "व्हय की," आणि बँडवाल्याला हात केला. मामा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले एवढंच, "पोरी, भाऊ अर्धा फूट खाली पाहिजे व्हते."

चार दिवस ते आभाळ हायवेवर उभं राहिलं. गाड्या हळू व्हायच्या. शेठ परत आले आणि ही आपलीच कल्पना असं सगळ्यांना सांगायला लागले. त्यानंतर जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं. प्रत्येकाला हरण पाहिजे झालं. भाऊंना नाही का केलं, तसंच पाहिजे, हरण घ्या, फक्त आमच्या पोरांचे साठ फोटोही घ्या. मग साठ चेहऱ्यांच्या मधे हरण आलं. नवरा-नवरीच्या मधे हरण आलं. एका श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आजोबांच्या शेजारी हरण हात जोडल्यासारखं उभं राहिलं. एकाने हरणाला गॉगल लावायला सांगितला. मामांनी तो लावला, कॉम्प्युटर बंद केला आणि टेबलावर डोकं ठेवून इतके हसले की मला वाटलं रडतायत.

त्याच वर्षी त्यांनी काम सोडलं. मामीच्या भावाची थोडी जमीन शिरूरकडे होती, तिथे दोघं राहायला गेले. मामा म्हणाले, "परदेशात स्थायिक होतोय." जाताना सुतळ्यांची चौकट माझ्या हातात दिली. मी आता कुणी नसताना ती समोर धरून बघते, आणि एका हातात मोबाईल असतो.

तो मोठा फ्लेक्सही माझ्याकडेच आला. भाऊंच्या आईंनी भाऊंना सोलून घरी नेलं आणि मामांनी अक्षरं ओल्या फडक्याने पुसून टाकली. आमच्याकडे जुने फ्लेक्स कडब्यावर नाहीतर शेळ्यांच्या शेडला लावतात, आणि छापलेली बाजू आत घेतात, उन्हाने विरते म्हणून. सगळ्या तालुक्याचे पुढारी असे कडब्याकडे तोंड करून पडलेले असतात. सासूबाईही तसंच लावायला लागल्या. मी म्हटलं, "चित्र भाईर." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना फ्लेक्सपेक्षा माझा आवाज नवा होता. चित्र बाहेर लागलं.

मागच्या हिवाळ्यात मामा-मामी आले. मामांची मान आता थोडी हलते, पण शेड दिसताच ते शेतात मागे मागे जायला लागले. मामी ओरडली, विहीर हाय मागं. ते थांबले, एक डोळा मिटला. रंग विरलाय, आभाळ पांढुरकं झालंय, हरण अजून आहे. खऱ्या माळाच्या कडेला ते उभं आहे.

"शेड जरा डावीकडं सरकवता यील का?" मामांनी विचारलं.

मग ते जवळ आले आणि उजव्या कडेशी वाकले. सोल्यूशन उन्हाने सुटलं होतं आणि वीतभर दुमडलेली कड उघडली होती. आत राहिल्यामुळे तेवढा रंग अजून ताजा आहे. दोन बोटं, वरच्या बोटात वेढणी, पितळ चकचकीत.

"मला वाटलं तू कापलीस," मामा म्हणाले.

"न्हाई मामा. दुमडली व्हती."

मामा हसायला लागले. त्यांना उचकी लागली तशी मामीने पाणी आणलं. सासूबाई म्हणाल्या, तेवढी कड चिकटवून टाक, शेळी ओढती ती. सोल्यूशनचा डबा घरातच आहे, फळीवर. मी अजून चिकटवलेली नाही.